पायाखालचा ताठरपणा

मराठीत ‘मजबूत’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. दोरी मजबूत, खुर्ची मजबूत, भिंतही मजबूत. स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र या एका शब्दाचे दोन शब्द करावे लागतात. ग्वाल्हेरात हा विषय शिकवताना मी त्यासाठी खडू आणि छडी यांचे उदाहरण घेतो. खडू वाकत नाही, पण जरा जोर दिला की तुटतो. छडी चांगली वाकते, पण सहसा तुटत नाही. खडू ताठर आहे, बळकट नाही. छडी बळकट आहे, ताठर नाही. मोडण्यापूर्वी वस्तू किती भार पेलते, ते तिचे बळ. दिलेल्या भाराखाली ती किती कमी हलते, तो तिचा ताठरपणा.

आमच्या गावातली एक प्रसिद्ध कथा हा फरक नेमका दाखवते. मायकेल फिलोज यांनी आराखडा केलेला जयविलास राजवाडा १८७४ साली पूर्ण झाला. त्याच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्याआधी छत तपासण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. कुणी आठ म्हणतात, कुणी दहा. कथा खरी धरली, तर हत्तींनी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले : छत पडेल का? हत्ती उभे असताना छत किती मिलिमीटर खाली आले, हे कुणी मोजल्याचे कथेत नाही. म्हणजे परीक्षा बळाची झाली, ताठरपणाची नव्हे. छतापुरते ते चालूनही गेले असेल. पायाच्या बाबतीत मात्र दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण इमारती बहुधा पाया मोडून बिघडत नाहीत. पाया कमी-जास्त दबल्यामुळे बिघडतात.

वरची माती कच्ची असली की काँक्रीटचे खांब जमिनीत खोलवर उतरवून त्यांवर इमारत उभी करतात. त्यांना सगळीकडे ‘पाइल’ म्हणतात. पाइल दोन प्रकारे भार पेलते. तिचे टोक खालच्या कठीण थरावर टेकते आणि तिचे अंग सभोवतालच्या मातीशी घासून भार धरते. संगणकावर इमारतीचे गणित मांडताना या सगळ्याची जागा एक स्प्रिंग घेते. जमिनीऐवजी स्प्रिंगा कल्पिण्याची ही युक्ती १८६७ साली एमिल विंकलर यांच्या ग्रंथातून रूढ झाली. आज स्टॅड प्रो किंवा ईटॅब्ससारखे सॉफ्टवेअर वापरणारा विद्यार्थी पाइलच्या जागी स्प्रिंग ठेवतो आणि एका चौकटीत तिचा ताठरपणा लिहितो : एक मिलिमीटर दबायला किती टन लागतील? ही चौकट सॉफ्टवेअर स्वतः भरत नाही. तो आकडा आपण द्यायचा असतो.

विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न बहुधा असा असतो. पाइल ५०० मिलिमीटर व्यासाची, १० मीटर लांबीची आणि एम २५ प्रतीच्या काँक्रीटची आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे अशा काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस मिलिमीटरला २५,००० न्यूटन येतो. त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले की उत्तर मिळते : मिलिमीटरला सुमारे ५० टन. गणित बिनचूक आहे. पण हा ताठरपणा फक्त काँक्रीटच्या खांबाचा झाला. खांब पूर्णपणे अचल खडकावर उभा असता, तर तो कामाचा होता.

आता समजा, जागेवर चाचणी घेतली आणि ६० टन भाराखाली पाइलचा माथा ५ मिलिमीटर खाली गेला. म्हणजे प्रत्यक्ष ताठरपणा मिलिमीटरला १२ टन, कागदावरच्या आकड्याच्या चौथाईहूनही कमी. बाकीचे दबणे मातीचे आहे. सोपे करून पाहायचे तर येथे दोन स्प्रिंगा एकाखाली एक आहेत. वरची काँक्रीटची, ५० टनांची, खालची मातीची. दोन्ही मिळून १२ भरायचे, तर मातीची सुमारे १६ टनांची निघते.

याच दोन स्प्रिंगांवर दोन प्रयोग करून पाहू. पहिल्यात काँक्रीट एम २५ ऐवजी एम ४० घेऊ. काँक्रीटची स्प्रिंग ५० वरून ६३ टनांवर जाते, पण दोन्हींची मिळून १२ वरून जेमतेम साडेबारापर्यंत पोहोचते. महागडे काँक्रीट घालून ताठरपणा पाच टक्के वाढला. दुसऱ्यात काँक्रीट तेच ठेवून माती निम्मी मऊ धरू. एकूण ताठरपणा १२ वरून ७ च्याही खाली येतो. साखळीचे बळ जसे तिच्या सर्वांत कच्च्या कडीवर ठरते, तसा एकाखाली एक असलेल्या स्प्रिंगांचा ताठरपणा मुख्यतः सर्वांत मऊ स्प्रिंगेवर ठरतो. म्हणून ‘पाइलचा ताठरपणा’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. तो एकट्या पाइलचा नसतो. पाइल आणि माती या जोडीचा असतो. तीच पाइल ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या डोंगरपायथ्याशी वालुकाश्मावर टेकली तर एक आकडा, इंदूर-देवासच्या काळ्या मातीत दुसरा.

आडव्या जोराच्या बाबतीतही हेच दिसते. वारा किंवा भूकंप पाइलचा माथा बाजूला ढकलतो, तेव्हा ती किती खोलीपर्यंत वाकेल, याचे सूत्र भारतीय मानक २९११ मध्ये आहे. वाळूसारख्या मातीसाठी त्यात पाइलचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा आणि मातीचा गुणांक यांच्या भागाकाराचे पाचवे मूळ काढावे लागते. पाचवे मूळ मोठ्या फरकांनाही लहान करून टाकते. पाइल दुप्पट ताठर केली, तरी ती खोली केवळ १५ टक्क्यांनी वाढते.

आकडा चुकला तर काय होते? एक काल्पनिक शाळा घेऊ. ग्वाल्हेरात अशी जागा सहज मिळते : इमारतीचे एक टोक डोंगराच्या खडकावर, दुसरे बुजवलेल्या नाल्याच्या काठच्या गाळावर. प्रत्येक स्तंभावर ६० टन भार आणि शेजारच्या दोन स्तंभांत चार मीटर अंतर. खडकाकडची स्प्रिंग ४० टनांची असेल, तर तो स्तंभ दीड मिलिमीटर दबेल. गाळाकडची १२ टनांची असेल, तर तो ५ मिलिमीटर दबेल. साडेतीन मिलिमीटरचा फरक इमारत निभावून नेते. पण गाळ अपेक्षेपेक्षा मऊ निघाला आणि स्प्रिंग ४ टनांचीच भरली, तर तो स्तंभ १५ मिलिमीटर दबेल. आता फरक साडेतेरा मिलिमीटर, म्हणजे अंतराचा सुमारे तीनशेवा भाग झाला. स्केम्पटन आणि मॅकडोनल्ड यांनी १९५६ साली अनेक इमारतींच्या नोंदी तपासून सांगितले होते, की साधारण याच मर्यादेपाशी भिंतींना भेगा पडू लागतात. लक्षात घ्या, येथे एकही पाइल मोडलेली नाही. हत्तींची परीक्षा ती उत्तीर्ण झाली असती. भेग मात्र वर्गाच्या भिंतीला पडली.

प्रत्यक्षात दोन स्तंभांना जोडणारी तुळई हा फरक मुकाट्याने सोसत नाही. ती मऊ बाजूचा काही भार ताठर बाजूकडे ढकलते. खडकावरच्या पाइलवर जास्त भार येतो आणि तुळईत हिशेबात न धरलेला ताण निर्माण होतो. संगणकात पाइलच्या जागी ‘अचल आधार’ हा पर्याय निवडला, तर यांतले काहीच दिसत नाही. पडद्यावरची इमारत जणू वज्रावर उभी असते. तिचे उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत छापून येते आणि छापलेल्या आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो. मातीचेच सविस्तर गणित करणारे प्लॅक्सिससारखे सॉफ्टवेअरही आहे. त्याची सुरुवात १९८७ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यापीठात, मऊ मातीवरच्या नदीबांधांच्या अभ्यासासाठी झाली. पण त्यालाही मातीचे गुणधर्म आपणच पुरवायचे असतात.

म्हणून खरा आकडा शेवटी मैदानातूनच यावा लागतो. मानक २९११ च्या चौथ्या भागात पाइलच्या भारचाचणीची रीत दिली आहे. चाचणीसाठीच घातलेल्या पाइलवर अपेक्षित भाराच्या अडीचपट, तर इमारतीखाली प्रत्यक्ष राहणाऱ्या पाइलवर दीडपट भार जॅकने टप्प्याटप्प्याने देतात. प्रत्येक टप्प्याला माथा किती खाली गेला, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतात. हत्तींच्या कथेत जे मोजमाप राहून गेले, तेच येथे केंद्रस्थानी आहे. तरी एका पाइलची चाचणी म्हणजे सगळे उत्तर नव्हे. जवळजवळ घातलेल्या पाइल एकाच मातीवर विसंबतात आणि एकमेकींना खाली ओढतात. त्यामुळे चार पाइलच्या समूहाचा ताठरपणा एकीच्या चौपट भरत नाही.

पाइलसाठी पारिभाषिक मराठीत ‘स्थूणा’ असा संस्कृत शब्द सुचवता येतो. तो रुळेल की नाही, हे वापरणारे ठरवतील. कामावर तर ‘पाइल’च चालते. पण या शब्दाबरोबर एक जुना न्याय येतो आणि तो मला वर्गात फार उपयोगी पडतो : स्थूणानिखननन्याय. रोवलेला खांब पुन्हा पुन्हा हलवून पाहायचा आणि प्रत्येक वेळी आणखी पक्का ठोकायचा. शास्त्रकारांनी तो युक्तिवादाला लावला : आक्षेप घेऊन घेऊन सिद्धान्त दृढ करावा. मी विद्यार्थ्यांना तो संगणकाच्या उत्तराला लावायला सांगतो. स्प्रिंगचा आकडा निम्मा करा, दुप्पट करा आणि इमारत काय म्हणते ते पाहा. उत्तर फारसे बदलले नाही, तर पुढे जा. बदलले, तर पडद्यासमोरून उठा आणि आणखी एक बोअर घ्यायला, आणखी एक चाचणी करायला सांगा. तेवढा खर्च भिंतीच्या भेगेपेक्षा नेहमीच स्वस्त असतो.