दोन कळंबे आणि एक डिक्शनरी

माझ्याकडे दोन याद्या होत्या. एकीत विहिरींची पाणीपातळी, दुसरीत गावागावाचा पाऊस. गावाच्या नावावरून दोन्ही जोडायच्या होत्या. सोपं वाटतं ना?

यादीत एखादं गाव शोधायचं म्हणजे पहिल्या ओळीपासून खाली बघत जायचं. एका यादीत १००० नोंदी आणि दुसरीत ५००० असतील, तर ५० लाखांपर्यंत तुलना होऊ शकतात. म्हणून यादीची डिक्शनरी करतात. गावाचं नाव ही 'की', पावसाचा आकडा ही 'व्हॅल्यू'. नावावरून हॅश नावाचा एक आकडा काढला जातो आणि नोंद कुठं ठेवलीय ते जवळपास थेट सापडतं. नोंदी दहापट झाल्या तरी एका शोधाला सरासरी वेळ साधारण तेवढाच लागतो. मात्र डिक्शनरी करताना यादी एकदा पूर्ण वाचावीच लागते. एकदाच शोधायचं असेल तर हा खटाटोप नको.

आता माझी चूक ऐका. करवीर तालुक्यात 'कळंबे तर्फ ठाणे' आणि 'कळंबे तर्फ कळे' अशी दोन गावं आहेत. नावं 'स्वच्छ' करायच्या नादात मी 'तर्फ'पासून पुढचं सगळं कापलं. दोन्ही झाली 'कळंबे'. एका कीला एकच व्हॅल्यू, त्यामुळं नंतरच्या नोंदीनं आधीची पुसली. पायथननं चकार शब्द काढला नाही. आलेख छान आला, पण एका कळंब्याच्या विहिरींना दुसऱ्या कळंब्याचा पाऊस!

कागल तालुक्यातलं कसबा सांगाव आणि मौजे सांगाव बघा. एकसारखी नावं वेगळी ओळखू यावीत, हे काम जुन्या नावांनी आधीच केलेलं होतं. मी तेच पुसून टाकलं.

जावाची 'टू मॅप' पद्धत अशी दुहेरी की दिसली की एरर देऊन थांबते. पायथनची डिक्शनरी आणि कोटलिनची 'असोसिएट बाय' मात्र शेवटची नोंद ठेवून गप्प बसतात. म्हणून यादीतल्या आणि डिक्शनरीतल्या नोंदी मोजा. आकडा जुळला नाही तर थांबा. गावांसाठी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी कोड ही नावापेक्षा भरवशाची की. आणि एका गावात खरोखरच तीन विहिरी असतील, तर व्हॅल्यू म्हणून एक आकडा नको, तिन्हींची छोटी यादी ठेवा.

डिक्शनरी करायला एक ओळ पुरते. की कुठली घ्यायची, हे ठरवायला मात्र गाव माहीत असावं लागतं.