संगणक प्रणालीचा गाभा आणि साधनांचे कच्चे आदान-प्रदान : एक विवेचन

सारांश :
संगणकावर मजकूर ‘सेव्ह’ केला म्हणजे तो तबकडीवर कायमचा उमटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत पूर्णपणे बरोबर नाही. वापरकर्ता व यंत्रसाधने यांच्यामध्ये कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, उभा असतो आणि प्रत्येक आदान-प्रदान त्याच्या हातून होते. गाभा कळफलकाचे संकेत कसे स्वीकारतो, तबकडीवरील लेखन का लांबणीवर टाकतो, त्याची मध्यस्थी टाळणारे ‘कच्चे’ आदान-प्रदान का निर्माण झाले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाविद्यालयीन दप्तराच्या सुरक्षिततेशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

बीजसंज्ञा : गाभा, कच्चे साधन, पृष्ठसंचय, थेट लेखन, भारनियमन.

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. प्रवेश अर्ज, अंतर्गत गुण, परीक्षा अर्ज, वेतनपत्रके ही सर्व माहिती आता संगणकातून जाते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. त्या काळात कार्यालयांतून एक तक्रार वारंवार ऐकू येई : नोंद केली होती, ‘सेव्ह’ही केली होती, पण वीज गेली आणि परत आल्यावर नोंद सापडली नाही. असे घडले की दोष बहुधा लिपिकाच्या माथी मारला जातो. तो दोष खरोखर कोणाचा, हे समजण्यासाठी संगणकाच्या आत डोकावणे आवश्यक आहे.

गाभ्याचे स्थान :
आधुनिक प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, किमान दोन अधिकार पातळ्यांवर काम करतो. गाभ्याला सर्व आज्ञा चालविण्याची मुभा असते; सामान्य प्रोग्रॅमला ती नसते. टंकलेखनाचा किंवा लेखाकर्माचा प्रोग्रॅम तबकडीला थेट हात लावू शकत नाही. तो ‘वाच’ किंवा ‘लिही’ अशी विनंती गाभ्याकडे करतो. या विनंतीस ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात. ही बंधने नसती, तर एका सदोष प्रोग्रॅमने दुसऱ्याची माहिती पुसून टाकली असती.

युनिक्स परंपरेत प्रत्येक साधन हे एका फाइलसारखे दिसते. त्या फाइलला दोन क्रमांक असतात. पहिल्या क्रमांकावरून कोणता चालक, म्हणजे ड्रायव्हर, हे काम करील ते ठरते. दुसऱ्यावरून त्या प्रकारातील नेमके साधन कोणते ते कळते. साधनांचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. कळफलकासारखी साधने बाइटांचा प्रवाह देतात; ती अक्षर-साधने होत. तबकडीसारखी साधने ठरावीक आकाराच्या खंडांत वाचली-लिहिली जातात. ती खंड-साधने होत. तबकडीचा खंड दीर्घकाळ ५१२ बाइटांचा होता; पुढे ४०९६ बाइटांचे खंडही रूढ झाले.

आदान : एका कळीचा प्रवास
कळफलकावरील ‘के’ ही कळ दाबली असता कळफलक कोणतेही अक्षर पाठवीत नाही. तो केवळ संकेत पाठवितो आणि प्रक्रियकाला खंडित करून आपल्याकडे लक्ष वेधतो. लिनक्सच्या गाभ्यात या कळीचा क्रमांक ३७ आहे. यूएसबी कळफलकाचे मूळ संकेत वेगळे असले, तरी गाभा त्यांचे रूपांतर याच क्रमांकात करतो. येथवर भाषेचा प्रश्नच उद्भवत नाही. हे खऱ्या अर्थाने कच्चे आदान होय.

या ३७ क्रमांकाचे रोमन ‘के’ करावयाचे की देवनागरी ‘क’, हे वरच्या थरातील कळफलक-आराखडा ठरवितो. इनस्क्रिप्ट आराखड्यात याच कळीवर ‘क’ आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने हा आराखडा १९८६ साली प्रमाणित केला. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील जिस्ट गटाने भारतीय लिप्यांसाठी संगणकात बसविण्याचे स्वतंत्र कार्ड उपलब्ध करून दिले. त्यामुळे केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील अनेक प्रोग्रॅमांत भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या.

टर्मिनलवर गाभा दोन प्रकारे आदान देतो. ‘पक्क्या’ प्रकारात तो ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरे स्वतःजवळ ठेवतो, खोडण्याची कळ दाबल्यास मागील अक्षर काढतो आणि ओळ संपल्यावर ती प्रोग्रॅमच्या हवाली करतो. ‘कच्च्या’ प्रकारात प्रत्येक बाइट येताक्षणी, कोणताही संस्कार न होता, पुढे जातो.

पक्क्या प्रकारात मराठीची एक अडचण दीर्घकाळ होती. यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’ हे अक्षर २२४, १६४ व १४९ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. गाभा मात्र खोडताना एकच बाइट काढीत असे. पडद्यावर अक्षर पुसलेले दिसे. प्रत्यक्षात ओळीत त्याचे दोन बाइट शिल्लक राहत. २००४ साली लिनक्सच्या २.६.४ या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र खूण आली आणि गाभा पूर्ण वर्ण ओळखून खोडू लागला. तरीही ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द सहा संकेतांचा व अठरा बाइटांचा असल्याने तो एका खोडीत जात नाही. पडद्यावर दिसते ते आणि आत असते ते यांतील हे अंतर प्रदानाच्या बाबतीत अधिक गंभीर स्वरूप धारण करते.

प्रदान : लेखन लांबणीवर का पडते ?
मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो खंड शिर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. शीर्ष हलविण्याचा वेळ निराळा. उलट मुख्य स्मृतीतून माहिती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात. म्हणजे हा फरक हजारो पटींचा आहे. प्रत्येक बाइटासाठी तबकडीची वाट पाहिली, तर संगणक वापरणेच अशक्य होईल.

म्हणून गाभा स्मृतीचा एक भाग पृष्ठसंचय म्हणून राखतो. लेखनाची विनंती आली की तो माहिती या संचयात उतरवून घेतो आणि ‘लिहिले’ असे उत्तर देतो. तबकडीवरील लेखन मागाहून, अनेक विनंत्या एकत्र करून होते. लिनक्सच्या मूळ मांडणीत हे काम करणारी यंत्रणा दर ५ सेकंदांनी जागी होते आणि ३० सेकंदांहून जुनी, अद्याप न उतरलेली पृष्ठे लिहून काढते. फाइल-व्यवस्था काही वेळा हे काम लवकरही उरकते.

कार्यालयीन व्यवहारातील उदाहरण घेतल्यास, पत्राला जावक क्रमांक पडणे आणि पत्र पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गाभ्याचे ‘लिहिले’ हे उत्तर जावक क्रमांकासारखे आहे. वीज त्या दरम्यान गेली, तर क्रमांक पडलेला असूनही पत्र टेबलावरच राहते. पेन ड्राइव्ह ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना न पाळता ओढून काढल्यास, विशेषतः लिनक्सवर, हेच घडू शकते.

कच्चे साधन व थेट लेखन :
सामान्य मजकुरासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. माहितीकोशांचे, म्हणजे डेटाबेसचे, तसे नसते. बँकेच्या व्यवहारात एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा झालीच पाहिजे. म्हणून माहितीकोश आधी रोजकीर्द लिहितो व नंतर खतावणी करतो. रोजकीर्द तबकडीवर पोहोचल्याखेरीज व्यवहार पूर्ण झाला असे तो म्हणू शकत नाही. लेखनाचा क्रम गाभ्याच्या मर्जीवर सोडणे त्यास परवडत नाही. शिवाय तो स्वतःचा संचय बाळगतो. त्यामुळे एकच माहिती स्मृतीत दोनदा राहते.

या गरजेचे उत्तर युनिक्समध्ये सुरुवातीच्या काळापासूनच होते. एकाच तबकडीला दोन तोंडे दिलेली असत : एक संचयातून जाणारे खंड-साधन आणि दुसरे संचय टाळणारे कच्चे अक्षर-साधन. दुसऱ्या मार्गाने माहिती प्रोग्रॅमच्या स्मृतीतून थेट तबकडीकडे जाते. त्यासाठी लेखनाचा आकार व तबकडीवरील स्थान खंडाच्या पटीत असावे लागते. भारतात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला आणि त्यानंतरच्या काळात शाखांत युनिक्सवर आधारित यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली. ओरॅकल, इन्फॉर्मिक्स, सायबेस यांसारखे माहितीकोश त्या काळी कच्च्या विभागांवर चालविता येत असत.

लिनक्समध्ये प्रारंभी हे दुसरे तोंड नव्हते. २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ आवृत्तीत कच्चे साधन मिळाले. त्याच वर्षी २.४.१० आवृत्तीत फाइल उघडतानाच ‘थेट लेखन’ मागण्याची सोय झाली. तिच्यामुळे स्वतंत्र कच्च्या साधनाची निकड संपली आणि २०२१ साली ५.१४ आवृत्तीतून तो चालक काढून टाकण्यात आला. फ्रीबीएसडीने उलट दिशेने जाऊन २००० साली संचय असलेले खंड-साधनच वगळले.

कच्च्या साधनाची किंमतही मोठी होती. अशा विभागावर फाइल-व्यवस्था नसते. फाइलींची नावे दिसत नाहीत, नेहमीच्या पद्धतीने प्रत काढता येत नाही आणि चुकीच्या विभागाचे नाव दिल्यास त्यावरील सर्व माहिती नष्ट होऊ शकते.

थेट म्हणजे कायम नव्हे :
थेट लेखन गाभ्याचा संचय टाळते. परंतु तबकडीच्या आतही तिचा स्वतःचा लहान संचय असतो. तेथे पोहोचलेली माहितीही वीज गेल्यास नाहीशी होऊ शकते. खात्री हवी असल्यास प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ ही स्वतंत्र विनंती करावी लागते. तिच्यामुळे गाभा आपला संचय रिकामा करतो व तबकडीलाही तसे करण्यास सांगतो. पूर्वीच्या उदाहरणात बोलावयाचे तर ही पोचपावती होय.

२०१८ साली या पोचपावतीविषयीही शंका उपस्थित झाली. पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या विकासकांच्या लक्षात आले की, तबकडीवरील लेखन अयशस्वी झाल्यावर लिनक्सचा गाभा ती चूक एकदा कळवितो, परंतु संबंधित पृष्ठे ‘लिहिली गेली’ असे मानतो. दुसऱ्यांदा विनंती केल्यास उत्तर यशस्वी येते. माहिती मात्र तबकडीवर नसते. यावर २०१९ च्या आवृत्त्यांत उपाय योजण्यात आला : अशी चूक आल्यास माहितीकोश पुन्हा प्रयत्न न करता काम थांबवितो आणि रोजकीर्दीवरून पुनर्बांधणी करतो. दशकानुदशके वापरात असलेल्या यंत्रणेतही गृहीतके तपासून पाहावी लागतात, हा यातील बोध आहे.

निष्कर्ष :
१. ‘सेव्ह’ हा एक टप्पा नसून माहिती प्रोग्रॅम, गाभा व तबकडी अशा तीन संचयांतून जाते.
२. लेखन लांबणीवर टाकणे हा गाभ्याचा दोष नाही. वेगासाठी केलेली ती जाणीवपूर्वक तडजोड आहे.
३. कच्चे साधन व थेट लेखन गाभ्याचा संचय टाळतात. कायमस्वरूपी लेखनाची हमी ‘एफसिंक’शिवाय मिळत नाही.
४. गुणनोंद किंवा लेखाकर्माची प्रणाली घेताना ‘नोंद पूर्ण’ हा संदेश कोणत्या टप्प्यावर येतो, हे महाविद्यालयांनी पुरवठादारास विचारावे. यूपीएस, पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची सवय आणि दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत यांना पर्याय नाही.
५. वीज गेल्यावर हरविलेल्या नोंदीचा जाब विचारताना यंत्राची कार्यपद्धती आधी पाहणे न्यायाचे ठरते. लिपिकाने नोंद केली होती आणि संगणकाने ‘लिहिले’ असे उत्तरही दिले होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.