रक्तातील पिवळे द्रव्य आणि हृदय

खेळताना मुका मार बसला म्हणजे त्वचा प्रथम काळीनिळी पडते, पुढे हिरवट होते आणि अखेरीस पिवळट छटा दाखवून तो डाग विरून जातो. हे रंग प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असतात. त्यांचे कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती जीर्ण झाली म्हणजे तिच्यातील हीमोग्लोबिनचे विघटन होऊन आधी हिरवे बिलिव्हर्डिन व त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते. देहात हे कार्य अहोरात्र चालू असते. यकृत या बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे रूप देऊन पित्तावाटे आतड्यात सोडते. त्यात बिघाड झाला की डोळे पिवळे होतात. त्यालाच आपण कावीळ, आणि कोंकणीत कामीण, म्हणतो.

असे हे द्रव्य दीर्घकाळ निव्वळ गाळ समजले जाई. १९८७ साली रोलंड स्टॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ते ऑक्सिडीकरणास आळा घालते. रोहिण्यांच्या भिंतींत साचणाऱ्या कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण हे हृदयरोगाचे एक कारण मानले जाते. तेव्हा बिलिरुबिन हृदयाचे रक्षण करीत असेल काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांना, ज्यांच्या रक्तात ते कमी त्यांच्यात हृदयाच्या रोहिण्यांचा विकार अधिक, असे आढळले. फ्रेमिंगहॅम येथील २००६ सालच्या अभ्यासात तर जन्मतःच अधिक बिलिरुबिन देणारे जनुक आईवडील दोघांकडून लाभलेल्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे एकतृतीयांशच दिसला.

येथे थोडे थांबावयास हवे. आम्ही भाषा शिकविणारे 'याबरोबर' आणि 'यामुळे' या दोन शब्दांतील भेद वर्गात वारंवार सांगत असतो. शास्त्रज्ञांनाही तो विसरून चालत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात बिलिरुबिन कमी असते आणि त्यांना हृदयरोगही अधिक होतो. मग दोष कोणाचा? जनुक मात्र जन्मापासून ठरलेले असते, तंबाखूने ते बदलत नाही. म्हणून या वादात त्याची साक्ष विशेष मोलाची. २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी हजारो लोकांची अशी तपासणी केली. जनुकामुळे बिलिरुबिन वाढलेले आढळले, परंतु हृदयरोगाचा धोका त्यायोगे घटलेला दिसला नाही. फ्रेमिंगहॅमचा आकडा मोहक खरा. पण आमच्या मते डॅनिश पुराव्याचे पारडे जड आहे.

गिलबर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत उपवासाच्या दिवशी डोळे किंचित पिवळे दिसतात. ती निरुपद्रवी आहे. कावीळ मात्र निराळी. यकृताच्या आजाराने आलेल्या पिवळेपणास डॉक्टरच हवा, आणि नवजात बालकाच्या रक्तात बिलिरुबिन अति वाढल्यास मेंदूला इजा होते, म्हणून त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात.