भुलीची मात्रा आणि श्वासाची नळी

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णास वजन विचारतात, शेवटचे अन्न केव्हा घेतले हे विचारतात, घराण्यात कोणास भुलीचा त्रास झाला होता काय, हेही विचारतात. आपली माणसे या प्रश्नांना थातुरमातुर उत्तरे देतात. वास्तविक पुढील सारा हिशेब या उत्तरांवरच उभा असतो.

मोठ्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाचा श्वास यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. जागा माणूस ती नळी सहन करीत नाही. घसा आवळतो, खोकला उसळतो. म्हणून प्रथम झोपेचे औषध देतात. निरोगी प्रौढास प्रोपोफॉल दर किलो वजनामागे साधारण १.५ ते २.५ मिलिग्रॅम लागते. ५० किलोच्या माणसास ७५ ते १२५ मिलिग्रॅम. वृद्धास वा रक्तस्रावाने खचलेल्यास तेवढेच दिले तर रक्तदाब कोसळतो. लहान मुलास मात्र किलोमागे प्रौढाहून अधिक लागते.

त्यापाठोपाठ स्नायू शिथिल करणारे औषध येते. त्याचे मूळ क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणाचे विष. १९४२ साली मॉन्ट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी ते भुलीसोबत वापरले आणि पुढे ते रूढ झाले. ज्यांना जग रानटी म्हणत आले, त्यांच्या ज्ञानाचे हे ऋण इतिहासाच्या अध्यापकाने नोंदवलेच पाहिजे. हे औषध स्नायू थांबवते, शुद्ध हरपवीत नाही. झोपेची मात्रा अपुरी पडली, तर रुग्ण जागा असूनही बोटदेखील हलवू शकत नाही.

आज रोक्युरोनियम किलोमागे ०.६ मिलिग्रॅम देतात. पोट भरलेले असेल तर उलटी फुप्फुसात जाण्याचे भय असते. तेव्हा नळी मिनिटभरात बसवण्यासाठी तेच १.२ मिलिग्रॅम, किंवा सक्सिनिलकोलिन १ ते १.५ मिलिग्रॅम देतात. सक्सिनिलकोलिनचा प्रभाव रक्तातील एका विकरामुळे काही मिनिटांत ओसरतो. ज्यांच्यात ते विकर जन्मतःच उणे असते, त्यांना मात्र कित्येक तास यंत्रावर ठेवावे लागते. भारतात आर्य वैश्य समाजात हा दोष अधिक आढळला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच होणाऱ्या विवाहांशी त्याचा संबंध जोडला जातो. सजातीय विवाह हेच जातीचे मर्म, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते; त्याचा असा पुरावा भूलतज्ज्ञांपुढे येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

हा दोष आनुवंशिक असल्याने, ज्याला असा त्रास झाला त्याच्या भावंडांनीही रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष लिहिलेली चिठ्ठी कायम जवळ बाळगावी.