मातीविना भाताचे रोप : खताचा हिशेब

भातलावणीचे यंत्र भाड्याने ठरवले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी आधी रोपाचा हिशेब पाहावा. यंत्राला सुटी रोपे चालत नाहीत. मुळांनी घट्ट विणलेली चटई लागते. तिच्यातून यंत्राची बोटे चिमूट चिमूट रोपे तोडून चिखलात रोवतात. बहुतेक ठिकाणी ही चटई मातीच्या ट्रेमध्ये वाढवतात. पण ओला ट्रे पाच-सहा किलोचा, आणि एकरी लागतात 80 ते 100. ही हमाली वाचवण्यासाठी जपानमध्ये 1990 च्या दशकात माती काढूनच टाकण्यात आली. न विणलेल्या कापडावर बी पेरले, खताचे पाणी फिरवले आणि सहा मीटर लांबीची चटई गालिच्यासारखी गुंडाळून यंत्रावर चढवली.

असेच कापड रायगडकडील एका गिऱ्हाइकाने आमच्या दुकानातून नेले होते. त्यावर नारळाच्या भुशाचा पातळ थर देऊन मोड आलेले बी टाकले. रोपे झकास उगवली, पण बाराव्या दिवशी पिवळी पडली. यंत्र चार दिवसांवर आलेले. घाबरून त्यांनी मुठीने युरिया फेकला आणि दोन दिवसांत शेंडे करपले. शेवटी मजूर शोधून, विकतच्या रोपांनी, उशिरा लावणी झाली.

यात दोष कापडाचा नव्हता. भाताच्या दाण्यातली शिदोरी साधारण तिसऱ्या पानापर्यंत पुरते. फिलिपाईन्सच्या जुन्या ‘दापोग’ पद्धतीत केळीच्या पानावर बिनमातीचे रोप करतात आणि दोन आठवड्यांच्या आत लावून टाकतात, म्हणून तिथे खताविना भागते. यंत्रासाठी रोप त्याहून थोडे जास्त दिवस ठेवायचे, तर खत हवेच. माती म्हणजे खताचे गोदाम. जास्तीचे धरून ठेवते, लागेल तसे सोडते. कापडाला असे गोदाम नाही. दिलेले सारे थेट मुळावर जाते. वर नारळाचा कच्चा भुसा स्वतःच नत्र खातो आणि त्यात क्षारही असतात. तो आधी कुजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा.

खत पाण्यातूनच द्यावे. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम युरिया विरघळवून, दुसरे पान उघडल्यावर, म्हणजे आठव्या-दहाव्या दिवशी, ट्रेइतक्या जागेला अर्धा लिटर झारीने संध्याकाळी द्यावे. लगेच साध्या पाण्याचा हात फिरवून पाने धुवावीत. हेच लोक विसरतात. 100 ट्रेच्या जागेला अवघा पाव किलो युरिया लागतो, सरकारी भावाने दोन रुपयांचाही नाही! चार-पाच दिवसांनी रंग पुन्हा उतरला तरच दुसरा हात द्यावा. हिरवेगार दिसावे म्हणून जास्त दिले तर रोप उंच व लुळे होते, मुळे कमी सुटतात आणि चटई यंत्रावर फाटते.

आणखी एक. आपल्याकडे राख टाकायची सवय आहे. इथे ती टाळावी. भाताच्या रोपाला किंचित आंबट पाणी मानवते. राखेने ते उलटे होते, लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. मग माणूस नत्र कमी पडले समजून पुन्हा युरियाच ओततो.