बोर्ड गेलाय, नवीनच घ्या

फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचं पॅनेल खोललं की बटणांच्या मागे प्लॅस्टिकचा एक ट्रे दिसतो. त्यात सर्किट बोर्ड बसवलेला असतो आणि बऱ्याच मशीनांत त्यावर दुधट रंगाचं, रबरासारखं मऊ रेझिन काठोकाठ ओतलेलं असतं. ओल, हादरे आणि झुरळं यांपासून बोर्ड वाचावा म्हणून हे ओततात आणि ते कारण खरंही आहे. पण त्या थराखालचा एखादा ट्रायॅक जळाला किंवा पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर फुगला, की आधी रेझिन खरवडावं लागतं. खरवडताना शेजारच्या तांब्याच्या रेषा उखडतात. सुटा भाग असतो काही रुपयांचा, पण त्याच्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून अख्खा बोर्ड बदलायचा. त्याची किंमत काही हजार. तो मिळत नसेल, किंवा ते मॉडेल बंद झालं असेल, तर नवीनच घ्या.

हे उत्तर आता पुण्या-मुंबईतही ऐकू येतं. पण औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पट्ट्यात ते जास्त झोंबतं. एक तर इथलं उत्पन्न तुरीवर आणि सोयाबीनवर. घरात फ्रिज किंवा मशीन येतं ते पीक हाती आल्यावर, नाहीतर हप्त्यांवर. दुसरं, इथे वस्तू एका राज्यात घेतली जाते आणि राहते दुसऱ्या राज्यात. 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. सीमारेषा नकाशावर आली, बाजाराची सवय मात्र बदलली नाही. औराद-कमलनगरची माणसं अजून लग्नाचा बस्ता आणि घरातली मोठी खरेदी उदगीरला करतात, बसवकल्याणची उमरग्याला जातात, अफजलपूर-आळंदकडची अक्कलकोट-सोलापूरला.

कंपनीचं सेवाजाळं पिनकोडवर चालतं. माझी थोरली बहीण औराद तालुक्यात असते. तिनं उदगीरहून वायफायवालं मशीन घेतलं. तिसऱ्या वर्षी ते मधेच थांबायला लागलं. दुकानदार म्हणाला, तुमचा पिनकोड कर्नाटकचा, तक्रार बीदरला जाईल. बीदरच्या केंद्रानं सांगितलं, विक्री महाराष्ट्रातली आहे, तिकडून नोंदवा. शेवटी माणूस आला, त्यानं पॅनेल उघडलं आणि बोर्ड गेल्याचं सांगितलं. ताईनं खोक्यावरचे मोठे आकडे दाखवले: दहा वर्षांची वॉरंटी. ती मोटरची होती. संपूर्ण मशीनची दोन वर्षांची, म्हणजे संपलेली.

या दहा वर्षांच्या आकड्याकडे नीट बघायला हवं. वॉशिंग मशीनची मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर हे मुळातच दणकट भाग. कंपनी ठळक अक्षरांत हमी देते ती सहसा न बिघडणाऱ्या भागाची. मोटरला चालवणारा, वेग ठरवणारा, पाणी सोडणारा बोर्ड मात्र बहुधा एक-दोन वर्षांच्या हमीत असतो. काही कंपन्या एसीच्या बोर्डाला आता पाच वर्षं देऊ लागल्या आहेत, म्हणजे देता येतात हे उघड आहे.

आता बोर्ड का जातो, ते बघू. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची धरतात. बीदर-कलबुर्गीत ती जेस्कॉम देते, कलबुर्गीला मुख्यालय असलेली वितरण कंपनी. गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी लाईट डीम होते, वारा सुटला की जाते आणि येताना झटका देऊन येते. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून येणारी न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल सुटली, की एका घराला शंभर-दीडशे व्होल्ट मिळतात आणि शेजारच्याला साडेतीनशेच्याही पुढे. बल्ब लख्ख पेटून फुटतात आणि टीव्ही, राउटर, फ्रिजचा बोर्ड एका क्षणात जातात. जुन्या फ्रिजमध्ये एक थर्मोस्टॅट, एक रिले आणि कॉम्प्रेसर एवढाच मामला होता. स्टॅबिलायझर लावला की तो पंधरा-वीस वर्षं चालायचा. नवा इन्व्हर्टर फ्रिज ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ म्हणून विकला जातो. कमी-जास्त व्होल्टेज तो खरोखर सहन करतो, पण न्यूट्रल तुटल्याचा घाव त्यालाही झेपत नाही.

मग ऊन. कलबुर्गीचा मे महिना 42 ते 44 अंशांचा. प्रत्येक बोर्डावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत द्रव भरलेले. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. गच्चीवर, पश्चिमेच्या उन्हात बसवलेल्या एसीच्या बाहेरच्या डब्यात दुपारी काय होत असेल, हे सांगायला नको. तिथला बोर्ड जाण्याचं आणखी एक कारण इथल्या कुठल्याही मेकॅनिकला माहीत आहे: पाली. उबेला येतात, दोन टोकांमध्ये चिकटतात, स्वतः मरतात आणि बोर्डही मारतात. डब्याला बारीक जाळी लावणं किंवा बोर्डावर संरक्षक लेप देणं हा त्यावरचा उपाय. पालींच्या देशात विकायच्या यंत्राला तो कारखान्यातच का होत नाही, हे मला समजत नाही.

पाण्याचंही तसंच. शहाबाद, वाडी, सेडम, चित्तापूर हा सगळा चुनखडीचा भाग, म्हणून तर तिथे फरशी आणि सिमेंट. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. बोअरच्या अशा जड पाण्यानं गीझरच्या आणि फ्रंट लोड मशीनच्या हीटरवर पांढरा थर चढतो. थर उष्णता अडवतो, हीटर आतून तापत राहतो आणि जळतो. मशीनच्या माहितीपत्रकात पाण्याचा किमान दाबही लिहिलेला असतो, बऱ्याचदा 0.3 बार, म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीवरची टाकी. पत्र्याच्या घराच्या भिंतीवर ठेवलेल्या टाकीतून तो मिळत नाही. पाणी हळू येतं, मशीन चूक दाखवून थांबतं आणि घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं.

म्हणजे नवं तंत्र सगळंच वाईट का? नाही. पंख्याचं उदाहरण घेतो, कारण पंखा प्रत्येक घरात आहे. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात 70-75 वॅट वीज खातो, बोर्डावर चालणारा नवा बीएलडीसी पंखा 28 ते 35. फरक चाळीस वॅटचा धरा. रोज पंधरा तास, वर्षाचे तीनशे दिवस चालला तर 180 युनिट वाचतात. सहा रुपयांच्या आसपासच्या दरानं हजार रुपये झाले. किमतीतला फरक दीड-दोन वर्षांत वसूल. पण कर्नाटकात 2023पासून गृहज्योती योजना आहे. आधीच्या वर्षीच्या सरासरी वापरावर ठरवलेल्या मर्यादेत, कमाल 200 युनिटपर्यंत, घरगुती बिल शून्य येतं. ज्या घराचं बिल आधीच शून्य आहे, त्याचे ते हजार रुपये वाचतच नाहीत. देशाची वीज वाचते आणि ती वाचायलाच हवी, पण पंख्याचे जास्तीचे पैसे मात्र त्या घरानं भरलेले असतात. साधा पंखा मंदावला तर अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलतात. तो गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि घरचा पोरगाही बसवू शकतो. वाइंडिंग जळलं तर भालकीतही भरून मिळतं. बीएलडीसी पंख्याचा बोर्ड गेला, की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बोर्ड शोधावा लागतो. तरीही हे तंत्र मी चांगलंच म्हणेन, कारण त्यातून वीज खरंच वाचते.

चीड येते ती त्याच्यावर चढवलेल्या दुसऱ्या थराची: वायफाय, ॲप, आवाजी आज्ञा. ईएसपी 8266सारखं वायफायचं मॉड्यूल भारतात किरकोळीतही दीड-दोनशे रुपयांना मिळतं. ते बसवलं की खोक्यावर ‘स्मार्ट’ येतं आणि किंमत हजारोंनी वर जाते. बदल्यात मिळतं काय? शेजारच्या खोलीतून एसी बंद करायचा असेल, तर हुकूम फोनवरून राउटरला, तिथून कंपनीच्या सर्व्हरला आणि तिथून परत घरात. बाजारातल्या अनेक स्वस्त स्मार्ट बल्ब-प्लगांवर नावं वेगवेगळी असली तरी मागे ‘तुया’ या एकाच चिनी कंपनीची यंत्रणा असते. यातली बहुतेक उपकरणं फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. फायबरवाला बदलला, नवा राउटर आला, की प्रत्येक वस्तू पुन्हा जोडत बसायचं. ते काम शहरात शिकणारा मुलगा दिवाळीला घरी येईपर्यंत पडून राहतं.

आणि सर्व्हरच बंद झाला तर? नेस्ट या गूगल समूहातल्या कंपनीनं रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारा सुमारे तीनशे डॉलरचा हब 2016च्या मे महिन्यात बंद केला. लोकांच्या घरात चालू असलेलं यंत्र त्या दिवसापासून निकामी. 2022च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर कसलीही सूचना न देता बंद पडले. पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटची ॲपजोडणी 25 ऑक्टोबर 2025ला तोडायची, असं गूगलनं जाहीर केलं. यंत्र धडधाकट, वीज आहे, मालकानं पूर्ण पैसे मोजलेले, आणि तरीही त्याचा एक भाग कंपनीच्या एका निर्णयानं मरतो. वस्तूचं आयुष्य विकणाऱ्यानं ठरवणं जुनंच आहे. फिबस नावाच्या बल्ब कंपन्यांच्या टोळीनं 1920च्या दशकात बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं होतं. त्यासाठी तेव्हा तार बदलावी लागली, आता सर्व्हर बंद केला की पुरतं.

ही चीड केवळ ‘पूर्वीचं छान होतं’ अशा आठवणींची नाही. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेनं 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरातली मोठी उपकरणं बिघाडामुळे पाच वर्षांच्या आत बदलावी लागण्याचं प्रमाण 2004 मधल्या 3.5 टक्क्यांवरून 2012 मध्ये 8.3 टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. वीज स्थिर आणि सुटे भाग उपलब्ध असलेल्या देशातला हा आकडा आहे.

आमच्याकडे यंत्रं टिकत होती ती दुरुस्त करणाऱ्यांमुळे. बीदरच्या जुन्या शहरात, कलबुर्गीच्या सुपर मार्केटच्या आसपास अशी माणसं अजून आहेत. त्यांच्या बाकावर सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि मेलेल्या बोर्डांची रास असते. एका मेलेल्या बोर्डाचा रिले काढून दुसरा जिवंत करतात, रेझिन गरम हवेनं मऊ करून सोलतात, भाग आणायला हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली गाठतात. हात कसलेला आहे, अडचण वेगळी आहे. कंपनी सर्किटचा नकाशा देत नाही. सुटा भाग फक्त अधिकृत केंद्राला विकते. कंट्रोलर चिपमधला प्रोग्रॅम कुलूपबंद असतो, त्यामुळे तीच चिप बाजारातून आणून लावली तरी ती कोरी असते. ज्ञान अडवून ठेवलं की कसबी माणूसही भंगारवाल्याच्या पंगतीला बसतो. त्या भंगाराचा हिशेबही छोटा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2019-20 या एका वर्षाचा देशाचा ई-कचरा 10.14 लाख टन धरला होता.

युरोपीय संघानं 2021च्या मार्चपासून वॉशिंग मशीनचे मुख्य सुटे भाग, मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं, बाहेरच्या व्यावसायिक दुरुस्तीकारांनाही देणं बंधनकारक केलं आणि ते 15 कामकाजाच्या दिवसांत पोचवायला लावलं. फ्रान्सनं 2021मध्ये फ्रंट लोड मशीन, टीव्ही, फोन यांच्यावर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं 2022च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. दुरुस्तीसुलभतेच्या गुणांकनाचा वेगळा अहवालही 2025च्या मे महिन्यात सरकारला मिळाला. पण पोर्टलवर कंपनीचा पत्ता आणि फोन मिळतो, बोर्ड मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी वस्तू स्वस्त करायला सरकारला वेळ लागला नाही, मग जुनी वस्तू दुरुस्त होण्याची सक्ती करायला का लागावा? वीज बचतीचे तारे खोक्यावर 2006पासून छापले जातात. त्यांच्याच शेजारी आणखी तीन गोष्टी छापाव्यात: बोर्डाची किंमत, तो किती वर्षं मिळेल आणि ॲप किती वर्षं चालेल. आणि बोर्डांचे नकाशे सरकारी आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात पोचले पाहिजेत.

तोवर दुकानात हेच तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर बिलावर लिहून मागावं. ॲपशिवाय सगळी कामं बटणांवर होतात का, ते तिथेच चालवून बघावं. घरात अर्थिंग नीट करून घ्यावं आणि जादा व्होल्टेजला लाईन तोडणारं संरक्षक यंत्र मेन बोर्डात बसवून घ्यावं. त्याचा खर्च एका बोर्डाहून कमी येतो.

सीमेवरच्या माणसाला 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक चांगली गोष्ट दिली आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. 1986च्या कायद्यात विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे तक्रार करावी लागे. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. उदगीरला घेतलेल्या मशीनची तक्रार औरादचा माणूस बीदरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करू शकतो, अक्कलकोटला घेतलेल्या फ्रिजची आळंदचा माणूस कलबुर्गीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, यांतलं काहीही मागता येतं. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. फोनवर तक्रार करायची तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावं, आणि तपासायला आलेल्या माणसानं लिहिलेला कागद हातात घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. ताईकडे तो कागद नव्हता.