पाणी उतरतं, पाखरं उतरतात

नांदूर मधमेश्वरला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, असं सगळेच सांगतात. पट्टकादंब हंसांचे मोठे थवे बघायचे असतील तर ते बरोबरही आहे. पण माझा आग्रह आहे, दिवाळीचा फराळ संपायच्या आत एक सकाळ इथे काढा. स्थिरावलेले पाहुणे थंडीभर दिसतात. ते येत असतात तो काळ मात्र फार थोडा असतो.

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नाशिकपासून सुमारे 40 किलोमीटरवर हा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज राजवटीत तो बांधला गेला, तो शेतीसाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच निघतात. शंभर वर्षं नद्या गाळ आणत राहिल्या. जलाशय उथळ झाला, मधे बेटं तयार झाली, त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान. बदकांसाठी तेच भरलेलं ताट. 1986 साली अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

चापडगावच्या बाजूने आत शिरलं की काठाने निरीक्षण मनोऱ्याकडे जाता येतं. अंतर थोडंच आहे, पण दोन तास सहज जातात. वाटेवरच पिवळे आणि पांढरे धोबी शेपट्या हलवत किडे टिपताना दिसतात. हेही दूरचेच प्रवासी, पण बदकांच्या ओढीने लोक त्यांना ओलांडून पुढे जातात. गावातल्या एखाद्या जाणत्या गाइडला सोबत घ्या. कुठल्या बेटामागे काय बसलंय हे त्याला दुर्बिणीशिवाय ठाऊक असतं.

या दिवसांत बदकं ओळखणं सोपं नाही. विणीनंतर नर आपली भडक पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखेच मातकट दिसतात. पुस्तकातला हिरव्या डोक्याचा थापट्या आणि पांढऱ्या भुवईचा भुवई बदक शोधायला जाल तर फसाल. रंग विसरा, ठेवण बघा. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक. थापट्याची चोच टोकाशी फावड्यासारखी पसरट, तिच्या कडांना बारीक दात्यांची चाळणी. एक थापट्या गोल फिरू लागला की दुसरा त्याच्या मागे लागतो, मग आणखी चारपाच. पाण्याला भोवरा पडतो, खालचं बारीक खाद्य वर येतं आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागचं पाणी गाळत राहतो. हे दृश्य मला कुठल्याही उडत्या थव्याहून अधिक गुंतवतं.

दलदली भोवत्या पाणकणसांवरून खालून तरंगत आला की विखुरलेले वारकरी क्षणात एकत्र येतात. काळ्या पाठी एकमेकींना चिकटतात आणि पाण्याचा फडफडाट सुरू होतो. शिकाऱ्याला एकटं पाखरू सापडू नये, यासाठी ही धडपड. अशा वेळी जवळून फोटो मिळावा म्हणून काठावरून हाकारणारे लोक मी पाहिलेत. हजारो किलोमीटर उडून थकलेल्या पाखराला असं पुन्हा उडायला लावणं मला अक्षम्य वाटतं.

कोण कुठे उतरणार हे पाण्याची पातळी ठरवते. शेपूट वर करून बुडी घेणाऱ्या बदकांना तळाशी चोच पोचेल एवढंच पाणी लागतं. पाणी फार असलं तर वारकरी आणि लालसरी बुड्या मारून निभावतात, पण शेकाटे, तुतवार आणि पाणटिवळे चिखल उघडा पडेपर्यंत दुसरीकडेच थांबतात. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून येणारं पाणी आणि इथून कालव्यांत सुटणारं पाणी यांच्या मेळावर थंडीतली सगळी वस्ती अवलंबून असते. शेतकऱ्याचं आवर्तन थांबवा असं कुणीही म्हणणार नाही. पण ते सोडताना एकदम चढउतार होणार नाही एवढी काळजी घेतली, तर त्यात पिकाचं काही जात नाही.

आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची प्रत्येक काळजीपूर्वक नोंद मोलाची. ई-बर्डवर यादी भरताना पक्ष्यांच्या आकड्यांसोबत त्या दिवशी चिखल किती उघडा होता, हेही जरूर लिहा.